सोनमळ्याची हरवलेली पाणीपाळी

१

सोनमळ्याच्या शालूबाईंनी वाळलेल्या उसाच्या रोपांचा भारा माझ्या टेबलावर आणून आपटला, तेव्हा मी फोनवर भलत्याच एका माणसाला समजावत होते की मोबाइलची अ‍ॅप बनवणारी बाई टीव्ही दुरुस्त करत नाही. रोपांच्या मुळांची माती माझ्या कीबोर्डात गेली.

“बघा, बाई,” शालूबाई म्हणाल्या. “तुमच्या त्या ॲपानं मारली ही. पोटच्या पोरागत लावली हुती.”

माझं नाव राजनंदिनी. मलकापुरात, हायवेच्या कडेला, माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. बाहेर पाटीवर मोठ्या अक्षरात ‘मोबाइल अ‍ॅप्स’ लिहिलेलं असूनही लोक माझ्याकडे मिक्सरसुद्धा घेऊन येतात. मेलेला ऊस मात्र पहिल्यांदाच आला होता.

शालूबाईंच्या मागून सुभेदार नाथाजी आत आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी चालणं परेडचंच. सोनमळ्याच्या पाणी संस्थेचे ते चेअरमन. संस्था कृष्णेचं पाणी पंपानं वर उचलते आणि पाळीपाळीनं सभासदांच्या शेतात सोडते. त्या पाळ्यांचं अ‍ॅप मी बनवलेलं आहे. काम अगदी साधं. पाळी आली की सभासदाच्या मोबाइलवर मेसेज जातो, ‘पाणी घेणार असाल तर इथे दाबा.’ दाबलं की माझं अ‍ॅप उघडतं, निळ्या पडद्यावर ‘पाळी नक्की’ आणि व्हॉल्व्हचा नंबर दिसतो. दाबलं नाही तर पाळी पुढच्याला जाते. बस. लहान मुलालाही चुकवता येणार नाही, असं मला वाटत होतं.

“गेल्या फेऱ्यात शालूबाई, गुंडा आणि आणखी काही जणांची पाणीपाळी बुडाली,” नाथाजी उभ्याउभ्याच म्हणाले. “सगळे सांगतात, आम्ही दाबलं. पाणी आलं नाही. ऐन उन्हाळ्यात. आता मला सरळ रिपोर्ट पाहिजे. तुमचं अ‍ॅप चुकलं का?”

मी त्यांच्यासमोर सगळी नोंद उघडली. मेसेज गेलेला, पोहोचलेला. पुढे काहीच नाही. यांपैकी कुणाचंही ‘हो’ अ‍ॅपपर्यंत आलेलंच नव्हतं. मी ते दोनदा तपासलं, कारण माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की माझं डोकं फिरतं.

“नाही,” मी ठासून सांगितलं. “अ‍ॅप अजिबात चुकलेलं नाही.”

“झालं तर मग.” नाथाजींनी टोपी घातली. “अ‍ॅप चुकलं नाही, म्हणजे माणूस चुकला. पाणी सोडणारा सिद्धूच पंपघरातल्या मोबाइलवर बसून पाळ्या उडवतो आणि पाणी दुसरीकडे सोडतो. उद्या दुपारी सभा आहे. त्याला काढायचा, खोली खाली करून घ्यायची, आणि तिथून सरळ पोलीस ठाणं.”

“अहो काका, मी असं कुठं म्हणाले?”

“आत्ताच म्हणालात. मी ऐकलं,” असं म्हणून ते निघूनही गेले.

रोपं टेबलावर तशीच राहिली. एका माणसाची भाकरी माझ्या एका वाक्यानं जाणार होती, आणि ते वाक्य खरं होतं. यापेक्षा चीड आणणारी गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

२

सोनमळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर झाडांपेक्षा फ्लेक्स जास्त आहेत, आणि प्रत्येक फ्लेक्सवर वीरधवल आहेत. पांढरा सदरा, कपाळाला नाम, हात जोडलेले. येत्या निवडणुकीला उभे राहणार म्हणून त्यांनी सारा भाग आपल्या फोटोनं झाकून टाकला होता. बसथांब्यावर ते, पाण्याच्या टँकरवर ते, शाळेच्या कमानीवर ते. पंपघराच्या भिंतीवरही त्यांचंच कॅलेंडर होतं. मी वैतागून नजर रस्त्यावर ठेवायची सवय लावून घेतली आहे.

सिद्धू पंपघरालगतच्या खोलीत राहतो. मूळचा पूर्वेच्या दुष्काळी भागातला. आजोबा मेंढरं घेऊन या बाजूला यायचे, वडिलांनी तिकडं थोडी शेती केली, आणि हा इथं पाणी सोडायला लागला. मी गेले तेव्हा त्याची बायको हरणाबाई भांडी एका पोत्यात भरत होती.

“अजून सभा झाली नाही,” मी म्हणाले.

“आवं ताई, झाल्यागतच हाय,” हरणाबाई म्हणाली. “पल्लवीचं कॉलेज कराडात. तिला आता कुठं ठिवू, तेवढं सांगा.”

मी सिद्धूकडं वळले आणि त्याचा संस्थेचा मोबाइल मागितला. त्यात माझं अ‍ॅप होतं आणि त्याला त्यात फक्त बघायची परवानगी होती. पाळी उडवायची सोयच मी ठेवलेली नाही. पण हे नाथाजींना पटवायचं म्हणजे भिंतीशी बोलण्यासारखं.

“मोबाइल जे दावतो त्यो व्हॉल्व्ह मी फिरवतो,” सिद्धू म्हणाला. “शालूबाईचं रान वाळाय लागलं तवा मीच त्यास्नी इचारलं, मावशी, तुमी दाबलं न्हाई काय? त्या म्हनल्या, दाबलंय की. मग मी काय करू? बिगर पाळीचं सोडलं आस्तं तर तवाच चोर झालो आस्तो.”

“मग हे वर कुणाला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलंय की. वर सायबास्नी मोबाइलवरनं कळिवलंय. ‘स्वीकारली’ म्हनून आलं बी. पर कुनी इचारायला आलं न्हाई.” त्यानं मान खाली घातली. “मोठी मान्सं. आपन किती येळा म्हनायचं?”

साहेब म्हणजे नाथाजी, असं मी समजले, आणि त्यांच्यावर मनातल्या मनात आणखी चिडले. तक्रार स्वीकारायची, आणि वर त्यालाच चोर ठरवायचं!

मी गाडीला किल्ली लावली तेव्हा सिद्धू पळत मागं आला.

“ताई, एक हाय. सांगू का नगो आसं झालंय. माझ्याच इरुद्ध जातंय.”

“सांग.”

“ज्यांची पाळी बुडली, ती समदी मिल्ट्रीवाल्यांची घरं हायत. एक बी बाहेरचं न्हाई. आन् माझ्या भावाला भरतीत काडला तवा मी पारावर लय बोललो हुतो, ह्या फौजवाल्यांचीच पोरं लागत्यात म्हनून. समद्यांनी ऐकलंय ते.”

३

चोर स्वतःच्या विरुद्धचा पुरावा असा पळत येऊन हातात देत नाही. माझ्यापुरता सिद्धू तिथंच सुटला. पण सभेत माझ्या मनाला कोण विचारतो?

मी आधी संस्थेच्या ऑफिसात गेले. तिथं सचिव दादासो बसतात. बुडालेल्या पाळ्यांपैकी बऱ्याच त्यांच्याच उसाला मिळालेल्या होत्या, म्हणून माझा खरा संशय त्यांच्यावर होता. डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ, घड्याळात वीरधवलांचा फोटो. काटे त्यांच्या जोडलेल्या हातांवरून फिरत होते आणि वेळ चुकीची होती.

“तुमची पाळी नसताना तुम्ही पाणी घेतलंत,” मी म्हणाले.

“मेसेज आला, घेणार का. मी घेतलं.”

“पुन्हा आला तेव्हाही?”

“पुन्हा आला, पुन्हा घेतलं.”

“अहो, पण तुम्हाला लागत होतं का?”

“कुठलं! माझं रान तुंबलं. खालच्या सऱ्या पिवळ्या पडल्या.” दादासो खरंच रडकुंडीला आले होते. “पर मॅडम, फुकटचं पाणी येतंय आन् नगो म्हनायचं, आसं आमच्या घराण्यात कुनी केलं न्हाई.”

स्वतःचाच ऊस बुडवणारा हा कसला चोर? मी त्यांना हात जोडले आणि बाहेर पडले.

शालूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मी त्यांना अगदी शांतपणे, म्हणजे मला जमेल तितक्या शांतपणे, विचारलं, “मावशी, मेसेज आल्यावर तुम्ही काय काय केलंत, ते पहिल्यापासून सांगा.”

“मेसेज आला. दाबलं. त्येनं कायतरी इचारलं. म्या उत्तर दिलं. मग आलं, आपली विनंती स्वीकारली हाय म्हनून. हात जोडलं. ठिवला फोन.”

“काय विचारलं त्यानं?”

“आता मोबाइल काय इचारतो ते आमाला काय कळतंय, बाई? लय इचारतो त्यो.”

“आणि हात कुणी जोडले?”

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मीच चक्रम. “हातच जोडलं,” त्या म्हणाल्या, आणि शेंगा फोडायला लागल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्यांच्या फोनवर जोडलेल्या हातांची चित्रं येतच असतात, तेव्हा मी ते सोडून दिलं. त्यांचा फोन बघितला. काच तडकलेली, मागचं झाकण रबरानं बांधलेलं.

“केवढा जुना हो हा!”

“पोराचा हाय. सुट्टीवर आला की त्यो नवा घेतो आन् जुना मला देतो. गुंडाच्यात बी तसंच. आमच्या वाडीत समद्या फौजवाल्यांच्या घरात तसंच आस्तंय.”

गुंडाच्या घरीही गेले. तोच जुना फोन, तेच उत्तर, तेच ‘लय इचारतो त्यो’. माझा संताप आता डोळ्यांत यायला लागला होता. फोन काय विचारतो हे न वाचता उत्तर देणारी माणसं, आणि त्यांच्या जिवावर मी अ‍ॅप बनवते!

परतताना वाटेत क्रांतीनं हाक मारली. तिचा नवरा सीमेवर, सासरा फौजेतून निवृत्त. कडेवर लहान बाळ. हातातला फोन नवऱ्याचा जुना, शालूबाईंच्यापेक्षाही जुना.

“तुझी पाळी बुडाली का गं?” मी थांबून विचारलं.

“न्हाई की, ताई. दाबलं की निळं येतंय, नंबर येतोय, पानी येतंय. माझं काय बी बुडलं न्हाई. बुडला त्यो फक्त पाण्याचा जार.”

“कसला जार?”

“आवं, वीरधवलदादांच्या वाढदिवसाला समद्यास्नी ह्यो एवढा जार वाटला. मी बाळातपनाला माहेरी. मागनं जाऊन मागितला तर म्हनत्यात, संपलं.”

मी तिची समजूत घालून पुढं निघाले आणि अर्ध्या वाटेत गाडी थांबवली. क्रांतीच्या घरात दोन पिढ्या फौजेत, आणि तिची पाळी शाबूत होती. म्हणजे मिलिटरीचं सगळं कारणच खोटं. मग नाथाजी? तेही फौजेतलेच. त्यांना फोन लावला.

“काका, तुमची पाळी बुडाली का?”

“माझी बुडवायची त्याची हिंमत आहे का?”

“तुमचा फोन कुठला आहे?”

“नवाकोरा. मुलानं दिवाळीला दिला. त्याचा काय संबंध?”

संबंध होता. पण त्याचं दुसरं टोक मला सापडत नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कराडला गेले. पृथ्वीराज तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, आधी माझ्याकडे कामाला होता, मग वेगळा झाला. सोनमळ्याच्या अ‍ॅपचं काम त्यालाही हवं होतं. ते मला मिळालं, म्हणून तो तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. माझं अ‍ॅप कुणाला मुद्दाम पाडायचं असेल, तर ते करण्याइतकी अक्कल या भागात त्याच्याकडेच होती.

संगमाजवळच्या टपरीवर मी त्याला गाठलं आणि सरळ विचारलं. त्याचा चेहरा पडला.

“मॅडम, मी तुमच्या अ‍ॅपकडे बघतसुद्धा नाही. माझं स्वतःचं किती मोठं काम चाललंय! वीरधवलदादांचं अ‍ॅप मीच केलंय. वाढदिवसाला आम्ही जार वाटले ना, तेव्हा आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पोरांनी ते टाकून दिलं. जार घ्यायचा तर अ‍ॅप घ्यायचं.”

“आणि काय करतं ते अ‍ॅप?”

“सगळं करतं.”

“सगळं म्हणजे काय रे?”

इथं थोडं समजावून सांगायला हवं. फोनमध्ये प्रत्येक अ‍ॅपला आपल्या दारावर एक पाटी लावावी लागते. त्या पाटीवर लिहायचं, आम्ही अमुक अमुक कामं घेतो. कुणी फोटो घेतं, कुणी नकाशा घेतं. माझ्या पाटीवर एकच काम आहे, सोनमळ्याच्या पाण्याची लिंक. मालकानं एखादी लिंक दाबली की फोन सगळ्या पाट्या वाचतो आणि ज्याच्या पाटीवर ते काम असेल त्याच्याकडं ते पाठवतो. नवे फोन हुशार आहेत. ज्याची लिंक त्याच्याकडंच खात्री करून देतात. जुन्या फोनला मात्र दोन दारांवर सारखीच पाटी दिसली, तर तो मालकालाच विचारतो, यांतल्या कुणाकडं देऊ? आणि आजच्यापुरतं देऊ, की नेहमी?

“दादांचं तत्त्वच आहे, मॅडम,” पृथ्वीराज छाती फुगवून म्हणाला. “कुणालाही नाही म्हणायचं नाही. मला म्हणाले, आपल्या अ‍ॅपलाही ‘जमत नाही’ हा शब्द नको. मग मी पाटीवर सगळंच लिहिलं. फोटो, पत्ता, कुठलीही लिंक. काहीही येऊ दे, आमचं अ‍ॅप म्हणतं, मी घेतो.”

“आणि जे काम त्याला कळतच नाही, त्याचं काय करतं?”

“तेही घेतं.” त्यानं खांदे उडवले. “घेतलं की पडद्यावर दादा येतात.”

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले. शालूबाईंनी हात जोडले नव्हते. फोनवर रोज येणारं जोडलेल्या हातांचं चित्रही ते नव्हतं.

“गाडीत बस,” मी म्हणाले. “आणि लॅपटॉप घे.”

५

सभा मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात होती. मंडप वीरधवलांनी दिलेला, खुर्च्या त्यांच्या, पाठीमागं त्यांचा फ्लेक्स, आणि फ्लेक्सपुढं साक्षात ते. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले होते. सिद्धू एका खांबाला टेकून उभा होता. त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती.

नाथाजींनी ठराव वाचायला सुरुवात केली. मी मध्येच उठले.

“काका, एक मिनिट. ठरावाआधी मला एक मेसेज पाठवायचाय.”

“मॅडम, डिसिप्लिन.”

“कसली डिसिप्लिन? काल माझंच वाक्य अर्धं ऐकून निघून गेलात!” माझा आवाज चढला तो चढलाच. “सगळ्यांनी फोन हातात घ्या. आत्ता पाणीपाळीचा मेसेज येईल. खोटा आहे, पाणी येणार नाही. नेहमी दाबता तसं दाबायचं आणि फोन वर धरायचा. आणि हो, कृपा करून पडद्यावर काय आहे ते आयुष्यात एकदा तरी वाचा.”

मी मेसेज सोडला. मंडपभर टुंगटुंग झालं. लोकांनी दाबलं आणि फोन वर धरले.

नाथाजींचा पडदा निळा होता, दादासोंचाही. मागच्या बाजूला क्रांतीचा जुनाट फोन तो निळाच. बहुतेक मंडप निळा होता. आणि मधूनमधून, शालूबाईंच्या हातात, गुंडाच्या हातात, ज्यांची ज्यांची पाळी बुडाली होती त्या प्रत्येकाच्या हातात, वीरधवल होते. पांढरा सदरा, जोडलेले हात, आणि खाली अक्षरं, ‘आपली विनंती स्वीकारली आहे.’

व्यासपीठावरच्या वीरधवलांनी सवयीनं हात जोडले.

“हे माझं अ‍ॅप नाही,” मी म्हणाले. “माझं निळं. हे दादांचं. तुम्ही दाबलेलं ‘हो’ माझ्याकडं आलंच नाही, ते मधल्या मध्ये यांनी घेतलं. सिद्धूच्या मोबाइलला दिसणार कुठून?”

“मग समद्यांचंच का न्हाई बुडलं?” दादासोंनी विचारलं. या प्रकरणातला हा पहिला शहाणा प्रश्न.

“कारण त्याला तीन गोष्टी लागतात. दादांचं अ‍ॅप फोनमध्ये पाहिजे, म्हणजे वाढदिवसाला जाऊन जार घेतलेला पाहिजे. फोन जुना पाहिजे, कारण जुनाच फोन ‘कुणाकडं देऊ’ असं विचारतो. आणि जुने फोन कुणाच्या घरात असतात? ज्यांची पोरं सुट्टीवर येऊन नवा घेतात आणि जुना आईबापाला देतात. म्हणून फौजवाल्यांची घरं. फौजेवर कुणाचा राग नव्हता. नाथाजी काका वाढदिवसाला होते, पण फोन नवा. क्रांतीचा फोन जुना, पण ती माहेरी होती. तिचा जार बुडाला म्हणून पाणी वाचलं.”

“आन् तिसरी?” गुंडानं विचारलं.

“तिसरी तुम्हीच सांगा. फोननं ‘कुणाकडं देऊ’ म्हणून विचारलं तेव्हा काय दाबलंत?”

गुंडानं शालूबाईंकडं बघितलं. “पोरांनी सांगितलं हुतं की, जार देताना. फोननं काय बी इचारलं तर दादांच्या फोटूवर दाबा, आन् मग ‘नेहमी’ दाबा.”

पृथ्वीराजनं मान खाली घातली.

मी शालूबाईंपुढं जाऊन उभी राहिले. “मावशी, मी काल तुम्हाला पहिल्यापासून सगळं सांगा म्हणाले होते. पाण्याच्या मेसेजवर वीरधवलदादा दिसले, हे सांगितलं का नाही तुम्ही?”

“त्यात काय सांगायचं?” शालूबाई मनापासून म्हणाल्या. “ते तर समदीकडंच आस्त्यात.”

मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. टँकरवर, घड्याळात, कॅलेंडरवर, माझ्याही डोळ्यांसमोर काल दिवसभर तो चेहरा होता आणि मीही नजर वळवतच होते. रोज दिसणारा माणूस बघणं आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं होतं.

६

वीरधवल उठले. माणूस वाईट नाही. त्याचा त्रास तोच आहे. त्यांनी माइक घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, “झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. मी यात जातीनं लक्ष घालतो. शालूबाईंना रोपं मिळतील. सिद्धूवरही अन्याय होऊ देणार नाही.”

“दादा,” मी विचारलं, “तुमच्या अ‍ॅपनं घेतलेल्या विनंत्या जातात कुठं?”

“माझ्याकडं. सगळ्या माझ्यापर्यंत येतात.”

“बघू या?”

ते नाही म्हणू शकले नाहीत. त्यांना तो शब्द येतच नव्हता. पृथ्वीराजनं लॅपटॉप उघडून व्यासपीठाच्या टेबलावर ठेवला. नाथाजी चष्मा लावून वाकले, त्यांच्या मागं दादासो, मग सगळी पुढची रांग. पडद्यावर विनंत्यांची रीघ लागलेली होती. पाण्याच्या लिंका, लग्नाच्या पत्रिका, कुणाच्या वासराचा फोटो, दवाखान्याचा पत्ता. प्रत्येकीपुढं ‘स्वीकारली’ लिहिलेलं होतं. उघडून मात्र एकही बघितलेली नव्हती.

नाथाजींनी एका जागी बोट थांबवलं आणि मोठ्यानं वाचलं, “साहेब, मी पंपघरातला सिद्धू. माझ्यावर पाणीचोरीचा आळ आलाय. मी चोर नाही. एकदा बोलावून विचारा. पोरगी कॉलेजला आहे, तिच्याकडून लिहून घेतलंय.”

तेव्हा मला पंपघरातलं सिद्धूचं बोलणं आठवलं. साहेब म्हणजे कोण, ते मी विचारलंच नव्हतं. ‘स्वीकारली’ हा शब्द एकाच दिवसात दोघांनी माझ्या कानावर घातला, आणि माझ्या अ‍ॅपमध्ये तो कुठंच नाही, हे माझ्या, अ‍ॅप बनवणारीच्या, लक्षात आलं नाही. दुसऱ्यांना वाचत नाही म्हणून शिव्या घालणारी मी.

सिद्धू खांबापासून पुढं आला. “म्हंजी, वाचलंच न्हाई व्हय?” तो म्हणाला. “मला वाटलं, सायबांनी वाचलं आन् तरी बी गप बसलं. त्येचंच लय वाईट वाटलं हुतं.” हरणाबाईनं पदर तोंडाला लावला.

नाथाजींनी हातातला ठराव फाडला. “सिद्धू, संस्था तुला कायम ठेवते. आणखी काय पाहिजे ते बोल. पगारात वाढ पाहिजे?”

“न्हाई, सुभेदार. मला समद्यांच्या म्होरं चोर म्हनलं. ज्यानं म्हनलं, त्यानं समद्यांच्या म्होरंच एकदा न्हाई म्हनावं.”

नाथाजींना असं बोलायची सवय नव्हती. तरी टाचा जुळवून ते सरळ झाले आणि मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, “सिद्धू चोर नाही. मी चूक केली.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते बरंच झालं. शालूबाई उठल्या, आपली खुर्ची उचलून खांबाशी नेऊन ठेवली आणि सिद्धूला म्हणाल्या, “बस, लेकरा.”

माइक अजून वीरधवलांच्या हातात होता. “मीसुद्धा सांगतो,” ते पुढं होऊन म्हणाले, “सिद्धू चोर नाही.”

सिद्धूनं खुर्चीवर बसता बसता त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही, दमल्यासारखं. “तुमी ऱ्हाऊ द्या, दादा,” तो म्हणाला. “तुमी समद्यालाच व्हय म्हनताय.”

वीरधवलांचे हात जोडायला निम्मे वर आले होते. ते तिथंच थांबले, आणि बऱ्याच वेळानं खाली गेले.

मी शालूबाईंच्या फोनमधून ते अ‍ॅप काढून टाकलं आणि त्यांची पाळी पुन्हा लावली. मेसेज आला. या वेळी त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून प्रत्येक अक्षर वाचलं, एवढा वेळ लावून की माझा जीव मेटाकुटीला आला. मग दाबलं. पडदा निळा झाला. सिद्धूच्या खिशातला मोबाइल वाजला, आणि तो खुर्चीवरून उठून व्हॉल्व्ह फिरवायला गेला.